हिवाळी पॅराग्लायडिंग सहल: भर मोसमातल्या निवांत आठवड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करून स्वतःची विंग (पॅराग्लायडरचा कापडी पंख) घेऊन उडणाऱ्यांसाठी आहेत. टँडमवर, म्हणजे पायलटसोबत प्रवासी म्हणून, जाणाऱ्यांसाठीचा प्रश्न शेवटी आहे.

हिवाळ्यात पॅराग्लायडिंगचा मोसम असतो तरी कुठे?

हिवाळा कोरडा असतो अशा उष्ण आणि समशीतोष्ण भागांत. मेक्सिकोतलं व्हाये दे ब्रावो आणि कोलंबियातलं रोल्दानियो ही दोन नावं लगेच आठवतात. पॅराग्लायडिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा व्हाये दे ब्रावोला २००९ मध्ये जानेवारी-फेब्रुवारीत झाली आणि रोल्दानियोला २०१५ मध्ये जानेवारीत. तिथली हवा या महिन्यांत किती भरवशाची असते, याचा अंदाज यावरून येईल. तेनेरिफेसारखी बेटं आणि चिलीतला इकिकेचा वाळवंटी किनारा वर्षभर चालतो. बर्फाळ पर्वतांतही हिवाळ्यात उडतात, पण तिथे बहुतेक उड्डाणं म्हणजे वरून खाली शांतपणे तरंगत येणं असतं. तासन्‌तास थर्मलमध्ये (तापून वर जाणाऱ्या हवेच्या झोतात) चढत राहण्याची अपेक्षा ठेवून तिकडे जाऊ नका.

दक्षिण गोलार्धात डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा असतो, हे नकाशा बघताना विसरलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या मनिला इथे २००७ च्या फेब्रुवारीत, जागतिक स्पर्धेच्या आधीच्या सरावात, एक जर्मन महिला पायलट गडगडाटी ढगात ओढली गेली आणि ९,९०० मीटरच्याही वर पोहोचली. ती वाचली; त्याच दिवशी दुसऱ्या एका पायलटचा मृत्यू झाला. महिना तोच असला तरी गोलार्ध बदलला की धोक्याचं स्वरूपच बदलतं.

भर मोसम आणि तरी गर्दी कमी, हे जमवायचं कसं?

वर्षअखेरच्या सुट्ट्या संपल्यानंतरचे दोन-तीन आठवडे बघा. त्यातही मंगळवार ते गुरुवार टेकऑफवर (जिथून उड्डाण सुरू करतात त्या उतारावर) सगळ्यात मोकळे असतात. बुकिंग करण्याआधी त्या ठिकाणचं स्पर्धांचं वेळापत्रक जरूर तपासा. एखाद्या मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात शंभरावर विंग एकाच उतारावरून निघतात, गाड्या मिळत नाहीत आणि टेकऑफ कधी कधी ठरावीक वेळेसाठी बंदही ठेवला जातो.

निवांतपणाची किंमत मात्र मोजावी लागते. आकाशात माणसं कमी म्हणजे थर्मल कुठे आहे हे दाखवणाऱ्या विंगही कमी. टेकऑफवर सल्ला द्यायला अनुभवी कोणी असेलच असं नाही. दूर उतरलात तर न्यायला येणारी गाडी उशिरा येईल, आणि अपघात झाला तर तो कोणाच्या नजरेस पडेलच याची खात्री नाही. म्हणून गर्दी टाळून जाणाऱ्यांनी तीन ते पाच जणांचा गट आणि ठरलेला ड्रायव्हर ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. एकट्याने अनोळखी जागी जायचंच असेल, तर किमान पहिले दोन दिवस तिथला गाइड घ्या.

किती दिवसांची सहल आखावी?

हातात जितके दिवस उडायचं आहे, त्याच्या दीडपट दिवस धरा. पाच दिवस उडायचं असेल तर आठ दिवस काढा. पहिला दिवस प्रवासाच्या थकव्यात जातो. त्या दिवशी ग्राउंड हँडलिंग (जमिनीवरच विंग उचलून सांभाळण्याचा सराव) करा, लँडिंगचं मैदान पायी फिरून बघा, तारा आणि झाडं लक्षात ठेवा. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी लांब पल्ल्याचं उड्डाण ठेवू नका. संध्याकाळी कुठल्यातरी शेतात उतरून पहाटेचं विमान गाठायची घाई असली, की नको तो निर्णय घेतला जातो.

हिवाळ्यात दिवसातून उडायला वेळ किती मिळतो?

अक्षांशावर अवलंबून आहे. डिसेंबरच्या शेवटी उत्तर गोलार्धात ४५ अंशांवर दिवस पावणेनऊ तासांचा असतो, २० अंशांवर जवळपास अकरा तासांचा, आणि विषुववृत्ताजवळ बारा तासांचा. पण थर्मलसाठी दिवसाच्या लांबीपेक्षा सूर्य किती वर येतो हे जास्त महत्त्वाचं. ४५ अंशांवर ऐन दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर असतो, २० अंशांवर मात्र ४६ अंशांच्या आसपास.

त्यामुळे उंच अक्षांशांवर कामाची वेळ साधारण साडेअकरा ते अडीच एवढीच. ही तीन तासांची खिडकी हुकली तर दिवस गेला. टेकऑफवर पोहोचून मग व्हेरिओ (चढ-उताराचा वेग दाखवणारं यंत्र) चार्ज नाही, रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरलेली नाही, हातमोजे खोलीवर राहिले, हे हिवाळ्यात परवडत नाही. सगळी तयारी आदल्या रात्री संपवा. सूर्यास्ताच्या किमान एक तास आधी पाय जमिनीवर हवेत. डोंगरामागे सूर्य खऱ्या सूर्यास्ताच्या बराच आधी जातो. तो गेला की उतारावरची हवा थंड होऊन खाली घसरू लागते, आणि टेकऑफवर वारा पाठीमागून येतो.

आकाश निरभ्र असूनही वर जाता येत नाही, असं का होतं?

बहुतेक वेळा इन्व्हर्जनमुळे. निरभ्र रात्री जमीन उष्णता गमावते, तिला टेकलेली हवा गार होते आणि दरीत साचून राहते. तिच्या वर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो, भांड्यावर झाकण बसावं तसा. खालून निघालेला थर्मल त्या झाकणापाशी थांबतो. दरीवर धुरकट पट्टा दिसतो आणि त्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते. तीच त्या दिवसाची कमाल उंची.

झाकण कधी उघडेल याचा हिशोब करता येतो. कोरड्या हवेचा थर्मल वर जाताना दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने थंड होतो. समजा दरी ५०० मीटरवर आहे आणि हवामानाच्या अंदाजानुसार १,३०० मीटरवर तापमान १० अंश आहे. मधलं अंतर ८०० मीटर, म्हणजे ८ अंश. दरीतलं तापमान १८ अंशांवर जाईल तेव्हाच थर्मल १,३०० मीटरपर्यंत पोहोचेल. दिवसाचं अपेक्षित कमाल तापमान १५ असेल तर त्या दिवशी झाकण उघडणार नाही. अशा दिवशी लवकर निघून एक छान ग्लाइड घ्या किंवा किनाऱ्याच्या कड्यावर सोअरिंग करा, म्हणजे कड्याला आपटून वर जाणाऱ्या वाऱ्यात तरंगा.

टेकऑफवर वारा अगदी हलका आहे. उडायला हरकत नाही ना?

हाच प्रश्न हिवाळ्यात सगळ्यात फसवा आहे. थंड महिन्यांत वरच्या थरातले वारे उन्हाळ्यापेक्षा जोरात वाहतात. इन्व्हर्जन शाबूत असताना तो वारा खाली पोहोचत नाही, म्हणून दरी शांत वाटते. दुपारी झाकण उघडलं की वरचा वारा थर्मलमधून खाली मिसळतो आणि दहा-पंधरा मिनिटांत टेकऑफवरचा ८ किलोमीटर प्रति तासाचा वारा ३० वर जाऊ शकतो. त्या वेळी हवेत असलेल्या माणसाकडे पर्याय फार थोडे उरतात, कारण नवख्यांसाठीच्या बहुतेक विंगचा ट्रिम वेगच (ब्रेक न ओढता, स्पीडबार न दाबता मिळणारा वेग) ३६ ते ३९ किलोमीटर प्रति तास असतो.

म्हणून टेकऑफवरच्या वाऱ्यासोबत त्याच्यापेक्षा हजार मीटर वरचा अंदाजही वाचा. तिथे २५ ते ३० किलोमीटर प्रति तास दिसत असेल तर सकाळचं छोटं उड्डाण घेऊन दुपारी खाली थांबलेलं बरं. डोंगररांगेच्या वर मसुराच्या दाण्यासारखे गुळगुळीत, जागेवर थांबलेले ढग दिसले तर विंग पिशवीतून काढूच नका. खाली पान हलत नसलं तरीही.

हिवाळी थर्मल सौम्य असतात, हे खरं का?

अर्धंच. थंड प्रदेशात ते लहान, अरुंद आणि अर्धा ते दीड मीटर प्रति सेकंदाचे असतात. त्यात कमी झुकावाने, धीराने वळावं लागतं. बर्फ असेल तर काळे खडक, झाडीचे पट्टे आणि सूर्याकडे तोंड केलेले उतार एवढेच थर्मल देतात. पण कोरड्या उष्णकटिबंधीय पठारांवर जानेवारीतली दुपार ५ मीटर प्रति सेकंदाच्या पुढचे थर्मल देते, आणि त्यांच्या कडा टोकदार असतात. तिथे नवख्यांनी अकराच्या आधी निघून साडेबाराच्या आत उतरावं, किंवा साडेतीननंतर निघावं.

थंडीसाठी किती कपडे?

जमिनीवर आरामशीर वाटतील त्याच्या एक थर जास्त. वर जाताना दर १०० मीटरला सरासरी ०.६५ अंश तापमान उतरतं. १,००० मीटर चढलात की साडेसहा अंश गेले. त्यात ३६ किलोमीटर प्रति तासाचा सततचा वारा. ५ अंशांची हवा अंगाला शून्यासारखी वाटते, शून्याची उणे ७ सारखी, आणि उणे ५ ची जवळजवळ उणे १४ सारखी.

आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक असावा. सुती नको, तो घाम धरून ठेवतो. त्यावर फ्लीस, मग हलकं डाउन जॅकेट, सगळ्यात वर वारा अडवणारं कवच. टेकऑफपर्यंत चालत जायचं असेल तर एका थरावर चढा आणि वर पोहोचल्यावर ओला बनियन बदला. एवढ्या एका सवयीने निम्मी थंडी वाजायची थांबते. हेल्मेटखालची टोपी घरीच घालून बघा; जाड टोपीमुळे हेल्मेट वर उचललं जातं आणि पट्टा सैल बसतो. बूट घट्ट असतील तर दोन मोज्यांनी पाय उलट जास्त गारठतात, कारण रक्त फिरायला जागा राहत नाही.

हात गारठतात. काय करावं?

उड्डाणात हात डोक्याच्या पातळीवर असतात, त्यामुळे बोटांपर्यंत रक्त कमी पोहोचतं. आत पातळ लायनर आणि वर जाड हातमोजा, किंवा बोटं एकत्र राहणारा मिटन, ही जोडी चांगली. उष्णता देणारी रासायनिक पाकिटं टेकऑफच्या १५-२० मिनिटं आधी उघडा, कारण त्यांना हवा लागते. अगदी बंद मोज्यात कोंबली तर ती विझल्यासारखी होतात. हवा शांत असताना एकेक हात आळीपाळीने खाली सोडून झटका.

आता महत्त्वाचं. जाड मोज्यांनी ब्रेकची (वळण्या-थांबण्यासाठी हाताने ओढायच्या दोऱ्यांची) ओढ नीट कळत नाही, आणि रिझर्व्हचं (आपत्कालीन पॅराशूटचं) हँडल चाचपडताही येत नाही. हार्नेस (पायलट बसतो ती पट्ट्यांची बैठक) टांगून, तेच मोजे घालून, डोळे मिटून हँडल पकडायचा सराव करा. एका प्रयत्नात मूठ बसली नाही तर मोजे बदला. हवेत असताना अंगठा करंगळीला टेकवता येईना, तर शरीर थंडीपुढे हरू लागलं आहे. जमिनीकडे निघा, उंची कितीही छान मिळालेली असो.

सामानाची तपासणी कधी आणि कशी करावी?

निघण्याच्या चार-सहा आठवडे आधी, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो.

रिझर्व्ह शेवटचं कधी पुन्हा पॅक केलं ते बघा. उत्पादक सहसा ६ ते १२ महिन्यांचा अवधी सांगतात. बराच काळ न उघडलेल्या कंटेनरचं वेल्क्रो घट्ट चिकटतं आणि ऐन वेळी ओढ अपुरी पडते. पॅक झाल्यावर ते हार्नेसमध्ये बसवून, टांगलेल्या अवस्थेत एकदा ओढून बघा. वेगळ्या कंपनीचं रिझर्व्ह आणि हार्नेस असेल तर हे टाळूच नका. हात पूर्ण मागे नेऊनही पिन सुटत नाही, असं प्रत्यक्षात होतं.

विंगची सच्छिद्रता (कापडातून हवा किती झिरपते) आणि लाइन्सची (विंगच्या दोऱ्यांची) लांबी मागच्या दोन वर्षांत मोजलेली नसेल तर मोजून घ्या. आखडलेल्या मागच्या लाइन्समुळे विंग मंद होते आणि ओली झाल्यावर पॅराशूटल स्टॉलकडे (पुढे न जाता जवळजवळ सरळ खाली येण्याकडे) झुकते. कॅराबिनरचं (विंग हार्नेसला जोडणाऱ्या कडीचं) लॉक, स्पीडबारची (पायाने दाबून वेग वाढवायच्या दांड्याची) दोरी, हेल्मेटचा पट्टा हे पाच मिनिटांचं काम.

शेवटी सगळे हिवाळी कपडे, पाणी, उपकरणं अंगावर घेऊन वजन करा. कपडे आणि बुटांनी ३ ते ४ किलो सहज वाढतात. विंगची मर्यादा ८० ते १०० किलो असेल आणि उन्हाळ्यात तुम्ही ९७ वर असाल, तर हिवाळ्यात मर्यादेला टेकलात किंवा बाहेर गेलात.

सहलीसाठी नवी, वरच्या वर्गाची विंग घ्यावी का?

नको. अनोळखी जागा, अनोळखी हवा आणि अनोळखी विंग, या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आणू नयेत. दोन-तीन महिने उडाला नसाल तर जुन्या विंगवरही आधी तीन-चार तास ग्राउंड हँडलिंग करा.

विमानात सामान कसं न्यायचं?

विंग, हार्नेस, रिझर्व्ह आणि हेल्मेट मिळून नेहमीचं किट १३ ते २० किलो भरतं. कपडे घातले की २३ किलोची मर्यादा ओलांडली जाते. जाड बूट आणि जॅकेट अंगावरच घाला. हेल्मेट आणि उपकरणं केबिनमध्ये घ्या. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या असतात, चेक-इन बॅगेत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही; २०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते. रिझर्व्हवर ‘हाताने उघडणारं पॅराशूट, गॅस सिलिंडर नाही’ अशी इंग्रजी चिठ्ठी लावा. सुरक्षा तपासणीत कुतूहलाने हँडल ओढलं जाण्याचा धोका त्याने बराच कमी होतो.

परवाना आणि विमा?

देशाबाहेर उडायचं तर राष्ट्रीय परवान्यासोबत आयपीपीआय कार्ड (पायलटच्या कौशल्याचं आंतरराष्ट्रीय कार्ड) लागू शकतं. त्यावर तुमचं कौशल्य १ ते ५ अशा टप्प्यांत नोंदलेलं असतं, आणि मूळ परवाना चालू असेल तरच ते ग्राह्य धरतात. विमा तीन तऱ्हेचा बघा: दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी, उपचार, आणि हेलिकॉप्टरसह सुटका. साध्या प्रवास विम्यात हवाई खेळ वगळलेले असतात. जिथे ‘पॅराग्लायडिंग समाविष्ट’ लिहिलेलं असतं, तिथेही ते फक्त टँडम प्रवाशासाठी आहे की स्वतः उडणाऱ्यासाठी, लांब पल्ल्याचं उड्डाण धरलं आहे का, हे लेखी विचारून घ्या.

थंड हवेत टेकऑफ आणि लँडिंगमध्ये फरक पडतो का?

पडतो. एकाच दाबाला शून्य अंशाची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के दाट असते, म्हणून विंग साधारण ५ टक्के कमी वेगात उचलते. उंच टेकऑफवर हा फायदा विरळ हवेमुळे संपतो आणि जास्त धावावं लागतं.

सकाळी उतारावर ऊन पडेपर्यंत थंड हवा खाली वाहत असते. पाठीमागून येणाऱ्या त्या झुळुकीत निघायची घाई करू नका. गवतावर दव असेल तर विंग अंथरून ठेवू नका. ओल्या विंगमध्ये ब्रेक सैल लागले, वाऱ्याचा आवाज मंदावला आणि तुम्ही जवळजवळ सरळ खाली जात असाल, तर हात पूर्ण वर न्या आणि स्पीडबार दाबा. ओल्या विंगवर बिग इअर्स (लवकर खाली येण्यासाठी विंगची दोन्ही टोकं दुमडणं) ओढू नका. बर्फावरून निघताना आधी सेलमधला (विंगच्या कप्प्यांमधला) बर्फ झटका. मागच्या कडेला साचलेला बर्फही विंगला मागे खेचतो.

लँडिंगच्या मैदानावर सावली आली असेल आणि वारा नसेल, तर विंग नेहमीपेक्षा लांब तरंगते. शेवटचा सरळ टप्पा मोठा ठेवा आणि धावायची तयारी ठेवा. सपाट बर्फावर ढगाळ प्रकाशात उंचीचा अंदाजच येत नाही. आधी उतरलेल्याने रंगीत पिशवी किंवा फीत टाकून ठेवली तर मागून येणाऱ्यांचं काम सोपं होतं.

भलत्याच ठिकाणी उतरलो तर?

हेडलॅम्प, शिट्टी, फॉइलचं पांघरूण, थोडं खाणं आणि वेगळ्या खिशात शरीराजवळ ठेवलेला चार्ज फोन, एवढं प्रत्येक उड्डाणात हार्नेसमध्ये असावं. गारठ्यात फोनची बॅटरी ४० टक्के दाखवतानाही अचानक बंद पडते. नेटवर्क नसलेल्या दऱ्यांत उपग्रह संदेश यंत्र हवंच.

सुखरूप उतरल्यावर विंग लगेच गोळा करा. पसरून ठेवलेली विंग म्हणजे ‘मदत हवी आहे’ असा अर्थ वरून जाणारे पायलट घेतात. हेलिकॉप्टरला खूण करताना दोन्ही हात वर म्हणजे हो, मदत हवी. एक हात वर आणि एक खाली म्हणजे नको. ११२ हा आपत्कालीन क्रमांक अनेक देशांत चालतो, तरी स्थानिक बचाव पथकाचा क्रमांक आधीच साठवा.

संध्याकाळी ओली विंग खोलीत कशी सुकवावी?

सैल पसरून, हवा खेळती ठेवून, हीटरपासून लांब. बाहेरची गार विंग उबदार खोलीत आणली की कापडावर पाणी सुटतं, म्हणून पिशवीची चेन उघडीच ठेवा. रिझर्व्ह भिजलं असेल तर ते बाहेर काढून, सुकवून पुन्हा पॅक केल्याशिवाय उडू नका.

आम्हाला फक्त टँडम करायचं आहे. हिवाळ्यात काय वेगळं बघावं?

सकाळी उशिराची वेळ घ्या आणि सहलीच्या पहिल्याच दिवसांत बुक करा, म्हणजे वारा बिघडला तर पुढचे दिवस हाताशी राहतात. आधी विचारा: पायलटकडे टँडमचा परवाना आहे का, तुमच्या वजनाला साजेशी विंग आहे का, हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात का. थर्मल कमी असतील तर उड्डाण दहा-पंधरा मिनिटांतच संपतं, हे मनाशी धरून जा. घोट्याला आधार देणारे बूट, हातमोजे आणि वारा अडवणारं जॅकेट लागतं. मफलर आणि लोंबणाऱ्या दोऱ्या नकोत. निघताना पायलट ‘पळा’ म्हणाला की पाय जमीन सोडेपर्यंत पळत राहायचं, मध्येच बसायचं नाही. प्रवासी लवकर बसला तर टँडमचा टेकऑफ फसू शकतो. आणि पायलटने ‘आज नको’ म्हटलं तर त्याला आग्रह करू नका.